परत सोडलेला मासा जगतो का?

गोदामातून निघालेला माल गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचला काय किंवा वाटेत फुटून गेला काय, साठ्यातून तो वजाच होतो. ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको. अमेरिकेतील हौशी समुद्री मासेमारीच्या कायद्यांपुढे आज नेमका हाच हिशेब उभा आहे. त्यापायी तेथील काही होडीवाल्यांचा एका मोठ्या मासळीवरचा हंगाम वर्षातून एका दिवसावर आला आणि त्यातूनच साध्या कारागिरीच्या काही अवजारांना कायद्याने मागणी आली. म्हणून या पानावर आम्ही त्याची माहिती देत आहोत.

छंदावर उभा असलेला बाजार

गळ टाकून मासे धरणे हा अमेरिकेत लाखो लोकांचा सुट्टीचा छंद आहे. हे लोक मासळी विकत नाहीत. खाण्यापुरती घरी नेतात, बाकीची पाण्यात सोडतात. पण त्यांच्या जिवावर मोठा बाजार चालतो. होड्या भाड्याने देणारे, आमिष आणि बर्फ विकणारे, गळ, दोरी, शिसे आणि काठ्या बनवणारे अशा सर्वांचे पोट त्यावर आहे. मासेमारीच्या बहुतेक साहित्यावर कारखानदाराला किंवा आयातदाराला १० टक्के अबकारी कर भरावा लागतो. साहित्य ठेवण्याच्या पेटीवर तो ३ टक्के आहे. १९५० च्या एका कायद्याने हा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवला असून तो राज्यांना वाटला जातो. म्हणजे मासा टिकवण्याचा खर्च तेथील व्यापारी आणि त्यांचे गिऱ्हाईकच उचलतात.

अटलांटिक किनाऱ्यावर ३ सागरी मैलांपर्यंत राज्याचा आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अंमल चालतो. केंद्राच्या नियमांचा पाया १९७६ चा मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायदा हा आहे. सर्वसाधारण नियम तीन प्रकारचे असतात : ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही, माणशी ठरावीक संख्येपेक्षा जास्त न्यायचे नाहीत, आणि बंद हंगामात तो मासा घरी न्यायचाच नाही. तिन्ही नियमांचा शेवट एकच, मासा परत सोडा. पण सोडलेला मासा जगला नाही तर या नियमांना अर्थ काय?

वर्षातून एक दिवस

रेड स्नॅपर हा आपल्याकडील तांबोशाच्या कुळातील लाल मासा आहे. तो ५० वर्षांहून अधिक जगू शकतो. अतिमासेमारीमुळे तो घटला, म्हणून नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या केंद्रीय पाण्यात जानेवारी २०१० पासून त्याची मासेमारी बंद करण्यात आली. पुढे काही वर्षी थोडे दिवस परवानगी मिळाली. २०२४ साली हौशी लोकांना फक्त १२ जुलै हा एकच दिवस मिळाला. २०२५ साली ११ आणि १२ जुलै असे दोन दिवस मिळाले. तेही माणशी दिवसाला एकच मासा.

होडीवाले चिडले, कारण समुद्रात मासा तर वाढलेला दिसत होता. मग दिवस का वाढेनात? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. ज्या खडकांवर हा मासा राहतो तेथेच हेकरूच्या जातीचे व इतर मासेही असतात. त्यांच्यासाठी गळ टाकणारे बाराही महिने असतात आणि त्या गळाला रेड स्नॅपर लागतोच. कायद्याप्रमाणे तो सोडला जातो. त्यातले बरेच मरतात. शास्त्रज्ञ त्या मेलेल्या माशांचा अंदाज काढतात आणि वर्षाच्या एकूण परवानगीतून वजा करतात. वजाबाकी होऊन जे उरते ते हंगामाच्या वाट्याला येते. कोणाच्याही ताटात न गेलेल्या माशांनी हंगाम खाऊन टाकला, असाच याचा अर्थ.

पाण्यावर येताना काय होते?

अशा माशाच्या पोटात वायूने भरलेली एक पिशवी असते. पाण्यात तरंगण्यासाठी तिचा उपयोग होतो. घोळ माशाची हीच पिशवी सुकवून ‘भोत’ म्हणून विकली जाते. २०२१ मध्ये पालघरजवळील मुरबे येथील एका होडीच्या १५७ घोळ माशांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये मिळाल्याची बातमी वाचकांना आठवत असेल. तो भाव या पिशवीचा होता. आपल्याकडे मौल्यवान ठरलेली ही पिशवीच गळाला लागलेल्या स्नॅपरच्या जिवावर उठते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला हवेच्या एका दाबाइतका दाब वाढतो. ३० मीटर खोल पाण्यात तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. तेथून मासा झरकन वर ओढला की पिशवीतील वायू चौपट फुगू पाहतो. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकलले जाते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. तो पाण्यावर उताणा तरंगतो आणि शार्क, डॉल्फिन किंवा पक्षी त्याला उचलतात.

अवजारांचे नियम

म्हणून कायदा आता मासा मोजण्यावर न थांबता अवजारही ठरवू लागला आहे. पहिले अवजार गोल गळ. याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते, त्यामुळे तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. साधा गळ मासा गिळतो आणि आतडे फाटते. गोल गळाला झटका द्यायचा नसतो, दोरी सावकाश ओढायची असते. हा गळ स्टेनलेस पोलादाचा नसावा असाही नियम आहे, म्हणजे तो माशात राहिलाच तर गंजून निघून जातो. अटलांटिक किनाऱ्यावरील स्ट्राइप्ड बास या माशासाठी २०२१ पासून आमिष लावताना गोल गळ सक्तीचा झाला. त्याच्या हिशेबात सोडलेल्या १०० पैकी ९ मासे मरतात असे धरतात. आकडा लहान वाटतो, पण सोडलेल्या माशांची संख्या वर्षाला कोटींत जाते.

दुसरे अवजार मासा खोल सोडण्याचे. १५ जुलै २०२० पासून दक्षिण अटलांटिकमध्ये अशा मासेमारीच्या प्रत्येक होडीत ते हाताशी असणे सक्तीचे झाले. वजन लावलेला उलटा गळ, जबड्याचा चिमटा किंवा उलटी टोपली, काहीही चालते. मात्र वजन किमान १६ औंस, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि दोरी किमान ६० फूट हवी. वजनाने मासा खाली जातो, दाबाने वायू आकसतो आणि मासा मोकळा होऊन पोहू लागतो. यात लोहाराला किंवा वेल्डरला अवघड असे काही नाही.

तिसरे अवजार पोकळ सुई. छातीच्या पराच्या मुळामागे इंच-दोन इंचांवर ती ४५ अंशांत तिरपी घालून वायू काढतात. सुरी किंवा बर्फ फोडायचा टोच्या चालत नाही आणि तोंडातून बाहेर आलेले जठर टोचायचे नसते. मेक्सिकोच्या आखातात २००८ पासून ही सुई सक्तीची होती. २०१३ मध्ये सक्ती उठली. जानेवारी २०२२ पासून मात्र सुई किंवा खोल सोडण्याचे साधन, दोहोंपैकी एक ठेवणे पुन्हा बंधनकारक झाले. तो कायदा ५ वर्षांच्या मुदतीने केलेला होता.

यात एक कच्चा दुवा आहे. कायदा साधन होडीत ठेवायला लावतो, पण मासा हातात असताना ते वापरायचे की नाही हे माणसावर राहते. गर्दीच्या होडीत दोन मिनिटे घालवण्याचा कंटाळा केला की ४५० ग्रॅमचे वजन कोपऱ्यात पडून राहते.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडील मासेमारी मुख्यतः पोटापाण्याची आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटसह ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला. पण जाळ्यातून वर आलेले पिल्लू बहुधा मेलेलेच असते, ते परत फेकून समुद्राला काही मिळत नाही. त्याला पाण्यातच निसटू देणारे जाळे हवे. ट्रॉलच्या टोकाच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा हा नियम त्यासाठीच आहे. रत्नागिरीकडील दालदी बांधवांसह कोकणात गरी-दोरीवर जगणारेही अनेक आहेत. त्यांचा नको असलेला मासा मात्र जिवंत वर येतो. ओल्या हाताने धरावा, तापलेल्या फळीवर टाकू नये, गळ खोल गेला असेल तर उपटण्यापेक्षा दोरी कापावी. याला पैसे पडत नाहीत.

जाळे विणणाऱ्या, गळ घडवणाऱ्या आणि ते विकणाऱ्या आमच्या वाचकांना आम्ही एवढेच सांगू. मासा वाचवण्याचा नियम सरकारी कागदावर लिहिला जातो, पण तो पाळला जाईल की नाही हे बरेचसे तुमच्या हातच्या मालावर ठरते. आस बारीक करून मागणारे गिऱ्हाईक आज चार पैसे जास्त देईल. त्याची घट पुढच्या हंगामाच्या वहीत पडेल, आणि ती वही तुमचीही आहे.