कन्व्हर्टिबल मोटारीचे कापडी छत : उन्हाळ्यातील ऱ्हास व निगा

बीजसंज्ञा : कापडी छत, अतिनील किरण, मृदुकारक, जलरोधकता

प्रस्तावना :
मोटारीचे छत सामान्यतः पत्र्याचे असते. कन्व्हर्टिबल मोटारीत मात्र हे काम घडी घालता येणाऱ्या कापडाकडे सोपविलेले असते. महाराष्ट्राला असे छत नवे नाही. जुन्या जीपगाड्यांवरील हूड सर्वपरिचित आहे. २०२० साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या महिंद्र थार या वाहनातही कापडी छताचा पर्याय देण्यात आला होता. असे छत पावसाने खराब होते, असा सर्वसाधारण समज आढळतो. वास्तविक पाऊस हा दोष केवळ उघड करतो. दोषाचा उगम बहुधा त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात झालेला असतो. प्रस्तुत लेखात या ऱ्हासाची कारणे आणि त्यानुसार घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे.

छताची रचना :
कापडी छताचे प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कापडावर पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा, म्हणजेच व्हिनाइलचा लेप असतो. दुसऱ्या प्रकारात तीन थर असतात : बाहेर ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम धाग्याचे विणलेले कापड, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत अस्तर. पाणी अडविण्याचे मुख्य कार्य मधला थर करतो, तर बाहेरील कापडावर जलरोधक द्रव्याची प्रक्रिया केलेली असते. मागील खिडकी काही मोटारींत लवचीक प्लॅस्टिकची, तर काहींत काचेची असते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या प्रसिद्ध मोटारीत ती प्लॅस्टिकची होती. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत तिची जागा काचेने घेतली.

उन्हाळ्यातील ऱ्हासाची कारणे :
१) अतिनील किरण : ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या या किरणांमध्ये बहुवारिकांचे रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने ही विघटनक्रिया पुढे चालू राहते. परिणामी रंग विटतो आणि शिवणीचा धागा कमकुवत होतो.
२) उष्णता : व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मृदुकारक द्रव्ये मिसळलेली असतात. उष्णतेमुळे ती हळूहळू बाहेर पडतात व व्हिनाइल ताठर बनते. मग घडीच्या रेषेवर प्रथम तडे जातात.
३) धूळ : विणीत अडकलेले कण छत उघडताना व मिटताना धाग्यांवर घासले जातात.
४) पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक : उन्हात वाळल्यावर हे पदार्थ घट्ट चिकटतात व खरवडून काढताना कापडाला इजा होते.

निगा :
मोटार सावलीत उभी करणे हा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र चीक गळणाऱ्या झाडाखाली ती उभी करू नये. आच्छादन घालावयाचे झाल्यास ते हवा खेळती ठेवणारे असावे व धूळ झटकल्यानंतरच घालावे.

छत धुताना प्रथम मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. त्यानंतर छत थंड असताना, सावलीत, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. साबण पूर्णपणे निघून जाणे अत्यावश्यक आहे. कारण साबणाचा अंश पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि त्यामुळे पाणी कापडात सहज झिरपते. स्वच्छतेच्या हौसेपोटी जलरोधकता गमावली जाते ती अशी. डाग काढण्यासाठी पेट्रोल वा रॉकेल वापरू नये, कारण त्यांमुळे आतील रबर फुगते. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा जवळून मारल्यास शिवण उसवू शकते. ओले छत मिटून ठेवल्यास बुरशी येते. म्हणून ते पूर्ण वाळल्यावरच घडी घालावी. प्लॅस्टिकच्या खिडकीवर अमोनियायुक्त काचशोधक वापरू नये, तसेच ती कोरड्या फडक्याने पुसू नये. ओरखडे पडून ती अंधुक होते व मागील दृश्य दिसेनासे होते. येथे प्रश्न केवळ शोभेचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

मान्सूनपूर्व तपासणी :
स्वच्छ व वाळलेल्या कापडी छतावर थोडे पाणी शिंपडावे. थेंब गोलाकार राहून ओघळले तर जलरोधक प्रक्रिया शाबूत आहे असे समजावे. पाणी पसरून कापड गडद झाले तर कापडासाठीचे जलरोधक द्रव्य पुन्हा लावावे. व्हिनाइलला हे द्रव्य चालत नाही. त्यासाठी अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे वेगळे द्रव्य वापरावे लागते. छताच्या कडेचे पाणी वाहून नेणारे मार्गही तपासावेत. उन्हाळ्यातील पालापाचोळ्याने ते तुंबल्यास पाणी मोटारीच्या आत साचते व पत्रा गंजतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कापडी छताचा ऱ्हास अतिनील किरण, उष्णता व घर्षण यांच्या एकत्रित परिणामातून घडतो. तुटलेले रासायनिक बंध कोणत्याही लेपाने पुन्हा जुळत नाहीत. तेव्हा छत बदलणे हाच पर्याय उरतो आणि तो खर्चिक असतो. यास्तव छताची निगा पहिली गळती दिसल्यावर नव्हे, तर उन्हाळ्याच्या आरंभापासूनच घेणे हितावह ठरते.