बेने इस्रायलींचं मराठी कीर्तन

गाडगेबाबांच्या कीर्तनांवर वाढलेल्या अमरावती-अकोल्याला हे ऐकून आनंदच होईल: महाराष्ट्रातल्या बेने इस्रायली ज्यूंचंही मराठी कीर्तन आहे! १८८० च्या सुमारास बेने इस्रायली कीर्तनकारांनी बायबलमधल्या कथा ओव्या-साक्यांतून रंगवायला सुरुवात केली. हिब्रू न कळणाऱ्यांपर्यंतही धर्म पोचला.

त्यांचा मलिदा हा विधीही टिकला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं. ताट मांडून प्रेषित एलियाहू हनावीचं नाव घेतात. लग्न असो वा नवस, घरातली लहानथोर मंडळी एकत्र बसतात.

बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण तिथंही मलिदा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पुण्याला गेलात, तर ज्यूंचं १८६७ चं प्रार्थनास्थळ, ‘लाल देऊळ’, जरूर बघा.