शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

घरात कोणी आजारी पडले की आप्तेष्ट व शेजारी विचारपूस करावयास येतात. रुग्णाच्या उशाशी घटकाभर बसतात, औषधपाण्याची चौकशी करतात आणि चार फळे ठेवून निरोप घेतात. परंतु त्या रुग्णाला वेळेवर भरवणारी, त्याचे अंथरूण बदलणारी, रात्री त्याच्या हाकेसरशी उठणारी जी व्यक्ती त्या वेळी स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा करीत असते, तिची विचारपूस करणारा विरळाच. स्वमग्न मुलाची आई, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या सासऱ्याची सून, अंथरुणाला खिळलेल्या पत्नीचा पती, तान्ह्या बाळापायी महिनोन्महिने झोपेला पारखी झालेली माता, ही सारी माणसे याच वर्गातील होत. त्यांच्यासाठी दूरध्वनीवरून व इंटरनेटवरून समुपदेशनाची जी सोय आज उपलब्ध आहे, तिची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या ताणाचे स्वरूप पाहू. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्याची झोप तुटते, भूक मंदावते, डोके व पाठ दुखू लागते. लहानसहान कारणावरून संताप येतो. ज्याची सेवा करावयाची त्याच्यावरच आवाज चढतो आणि मागाहून पश्चात्तापाने मन पोळते. प्रेम आटले म्हणून हे घडते असे मात्र नव्हे. विश्रांती नसणे, या कष्टांचा शेवट केव्हा ते ठाऊक नसणे आणि मनातले सांगावयास कोणी नसणे, ही त्याची तीन मुख्य कारणे आहेत. आपल्या समाजाने सेवेला कर्तव्य मानले, हे योग्यच झाले. परंतु कर्तव्य करणाऱ्याने थकूच नये, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे आहे. थकलेला माणूस ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने गप्प राहतो आणि आतल्या आत खचत जातो. पुढे तोच आजारी पडला, म्हणजे एका घरात दोन रुग्ण होतात.

समुपदेशन या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, असे सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे. तसे सांगणारे घरोघर असतातच. समुपदेशक प्रथम ऐकतो. बोलणाऱ्याला दोष न देता तो प्रश्न विचारतो आणि एकवटून डोंगराएवढ्या झालेल्या अडचणीचे लहान लहान भाग पाडावयास साहाय्य करतो. यातील काय बदलता येईल, काय येणार नाही, कोणते काम भावाकडे वा नणंदेकडे सोपवता येईल, आठवड्यातून दोन तास तरी विश्रांती कशी मिळेल, याचा विचार दोघे मिळून करतात. निर्णय मात्र बोलणाऱ्याचाच असतो.

अशा बोलण्याने खरोखर काही साधते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर देणारा एक प्रयोग आपल्या गोव्यातच झाला आहे. तिसवाडी व बारदेश या तालुक्यांतील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी निवडली. त्यांपैकी ४१ कुटुंबांकडे सहा महिनेपर्यंत, निदान पंधरवड्यातून एकदा, गृहसल्लागार जात असे. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. बेताचे शिक्षण झालेली, स्थानिक भाषा जाणणारी व या कामाचे प्रशिक्षण घेतलेली ती माणसे होती. त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते. रुग्ण एकच गोष्ट पुनःपुन्हा का विचारतो, तो चिडला तर काय करावे, हे ते समजावून सांगत आणि घरच्यांचे म्हणणे ऐकून घेत. या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरी सल्लागार गेले, तेथील शुश्रूषा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य इतर घरांच्या मानाने सुधारल्याचे आढळले. स्मृतिभ्रंश काही त्यामुळे बरा होणारा नव्हता. ओझे होते तेवढेच राहिले, पण ते वाहणाऱ्याला बळ आले.

तथापि प्रत्येक घरी सल्लागार पाठवणे अवघड आहे. शुश्रूषा करणाऱ्याने शहरातील रुग्णालयात जावे म्हटले, तर मागे रुग्णापाशी बसणार कोण? येथेच दूरध्वनीचा उपयोग होतो. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने जीवनाला कंटाळलेल्या माणसांसाठी दूरध्वनीवरून ऐकून घेण्याची सोय केली. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. आपल्या देशात भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली मानस’ ही सेवा सुरू केली. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही संस्था तिची मार्गदर्शक आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा, भाषा निवडावी, म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. भाषांमध्ये मराठीही आहे. दिवसरात्र चालणारी ही सेवा विनामूल्य आहे. अधिक उपचारांची गरज दिसल्यास समुपदेशक तज्ज्ञ डॉक्टरांशी गाठ घालून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाचा मार्ग दाखवतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आय-कॉल’ हा उपक्रम आरंभिला. त्यात दूरध्वनीबरोबरच ई-मेल व चॅट यांचाही उपयोग केला जातो. ज्या घरात पलीकडच्या खोलीत सर्व ऐकू जाते, तेथील सुनेला बोलण्यापेक्षा लिहिणे सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे.

या सोयींचा उपयोग करताना थोडी तयारी असावी. शक्य तर निवांत जागा व वेळ निवडावी. सांगावयाच्या दोन-तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात. पहिल्याच संभाषणात सारे सुटेल अशी अपेक्षा धरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलेला आहे, आणि आपले बोलणे कोणाला कळेल काय, हे समुपदेशकाला निःसंकोच विचारावे. इंटरनेटवर भलत्याच संकेतस्थळांचाही सुळसुळाट आहे. अनोळखी माणसाने पैसे वा बँकेचा तपशील मागितल्यास तेथेच थांबावे. या सेवेच्या मर्यादाही ओळखाव्यात. ती औषधाची जागा घेऊ शकत नाही. कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसल्यास विलंब न लावता ११२ क्रमांकावर कळवावे किंवा रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यात आपला काय संबंध, असे तुम्हांस वाटेल. पण घरातील मोबाइल सर्वांत चांगला कोणाला वापरता येतो? तो क्रमांक आईला वा आजीला लावून देण्याचे काम तुमचेच आहे. त्याहूनही मोठे काम दुसरे आहे. आई दार लावून अर्धा तास मोकळेपणाने बोलू शकेल, यासाठी तेवढा वेळ आजोबांपाशी तुम्ही बसावे. त्यांचा तोच प्रश्न दहा वेळा आला, तरी दहा वेळा शांतपणे उत्तर द्यावे. त्या अर्ध्या तासात आई रोज काय करते, तेही तुमच्या ध्यानी येईल.