सुंभ, पीळ आणि ब्रेकची तार

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. ब्रेकच्या तारेचे मात्र उलटे आहे. बारीक पोलादी धाग्यांचा तो पीळ टोक मोकळे राहिले की उकलू लागतो. मग तेल देण्यासाठी नळीतून काढलेली तार परत आत जाईना होते आणि सुटलेला धागा कुसळासारखा बोटात शिरतो. जुन्या काळ्या सायकलींच्या कांबीच्या ब्रेकांना ही भीती नव्हती.

उपाय घरचाच आहे. तार साध्या पकडीने चेचू नये; धारदार कातरीने एका दमात तोडावी. तोडण्याआधी त्या जागी पातळसा डाख दिल्यास उत्तम. जस्ताचा मुलामा असलेली तार तो सहज धरते. स्टेनलेस स्टीलची कुरकुरते. तेव्हा धागे मूळ पिळाच्याच दिशेने वळून झटपट सुकणाऱ्या गोंदाचा थेंब द्यावा. तार नळीत ओवून स्क्रूखाली आवळली, की टोकावर छोटी धातूची टोपी बसवून दाबावी.

एक भेद मात्र ध्यानात असू द्या. स्क्रूपलीकडचे टोक उसवले, तर तो केवळ आळस. मुठीजवळचा एक धागा जरी तुटला, तरी तो धोका. तिथे नवी तारच घालावी.

भंडारदऱ्याला सायकलने जाणाऱ्यांनी तर हे आधीच पाहावे. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, पलीकडचे रतनवाडी, घाटघर हा सारा मुलूख चढउतारांचा आणि धुवांधार पावसाचा. ओल्या उतारावर आपला भरवसा त्या तारेवरच असतो.