पन्नास ओहमचं काळीज

परवा भोसरीतल्या एका भंगारवाल्याकडे हृदयाला एकाच दिशेनं विजेचा झटका देणारं जुनं मोनोफेजिक डिफिब्रिलेटर किलोच्या भावानं गेलं. आतली तांब्याची कॉइल त्यानं तेवढी वेगळी काढून ठेवली, बाकीचं पत्र्याच्या ढिगावर. असली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा थोडं रडगाणं झालं तर चालवून घ्या.

मागचा इतिहास कुठल्याही पुस्तकात सापडेल. १८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्यांच्या हृदयावर विजेचे प्रयोग केले. १९४७ मध्ये क्लीव्हलँडला क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच १४ वर्षांच्या मुलाचं थरथरणारं, म्हणजे फिब्रिलेशन झालेलं, हृदय विजेनं ताळ्यावर आणलं. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी डीसी झटका रूढ केला. भंगारातली ती कॉइल त्यांच्याच सर्किटाची वारस. पुढची तीसेक वर्षं, १९८० साली शरीरात बसवलेलं मिरोव्स्कींचं यंत्र सोडलं तर, मला कंटाळवाणी वाटतात. यंत्रं हलकी झाली, समज होती तिथेच राहिली.

खरा काळ १९९५ ते २००५. एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून बॅग उचलायची आणि पिंपरीपासून चाकणपर्यंतची हॉस्पिटलं पालथी घालायची. तपासणीची पद्धत ठरलेली. ३६० जूलवर चार्ज लावायचा, यंत्राची शिट्टी चढत जायची, मग दोन्ही पॅडल टेस्टरच्या पट्ट्यांवर दाबून लाल बटणं एकदम दाबायची. ठप्प. आकडा यायचा ३५२. स्टिकर चिकटवला की काम झालं. त्या टेस्टरच्या पोटात ५० ओहमचा एक रेझिस्टर असतो. म्हणजे माणसाची छाती, फुप्फुसं, काळीज, सगळं मिळून ५० ओहम! डॉक्टरही एवढंच विचारायचे, "३६० येतंय ना?"

त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत या रेझिस्टरचे वाभाडे निघत होते. हृदयाचा स्नायू सगळ्या दिशांनी सारखा नसतो. पेशी लांबट, एकमेकींना टोकाशी जोडलेल्या, त्यांचे धागे एका दिशेला. विजेची लाट धाग्यांच्या दिशेनं धावते ती आडव्या दिशेच्या दुप्पट-तिप्पट वेगानं. ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या आपल्या कारागिराला हे चटकन कळेल: एका दिशेला चुंबकत्व सहज वाहू देणाऱ्या सीआरजीओ पत्र्याची दिशा चुकवून कोअर रचला तर काय होतं ते त्याला विचारा. फरक एवढाच की हृदयाच्या भिंतीत ही दिशा आतल्या थरापासून बाहेरच्या थरापर्यंत सुमारे १२० अंशांनी वळत जाते.

शिवाय झटक्याचा प्रवाह पेशींच्या आतून जातो आणि बाहेरच्या द्रवातूनही. उभ्या-आडव्या वाटेतला फरक आत फार मोठा, बाहेर त्यामानानं कमी. त्यामुळे पॅडलपासून लांब, स्नायूच्या पोटातच, प्रवाह पेशींत शिरतो किंवा बाहेर पडतो अशा जागा तयार होतात. यांना आभासी इलेक्ट्रोड म्हणतात. १९९५ मध्ये जॉन विक्सवो आणि सहकाऱ्यांनी ते सशाच्या हृदयावर दाखवले. १९९८ मध्ये इगोर एफिमोव्ह यांच्या गटानं पुढचा धक्का दिला: याच जागांच्या सीमेवर फिब्रिलेशन चालू ठेवणारे विजेच्या लाटांचे नवे भोवरे जन्मतात आणि झटका फसतो. म्हणजे जुनं फिब्रिलेशन मोडायचं आणि त्याच झटक्यानं नवं सुरू व्हायचं! बायफेजिक यंत्रात प्रवाह मध्येच उलटतो आणि पहिल्या टप्प्यानं मागे ठेवलेला हा पसारा दुसरा टप्पा बराचसा पुसून टाकतो. म्हणून तिथे १२० ते २०० जूलमध्ये काम भागतं.

हे आमच्याकडे सांगायची सोय नव्हती. एका हॉस्पिटलच्या खरेदी समितीनं निविदेत '३६० जूल किंवा अधिक' छापलं आणि बायफेजिक यंत्र 'कमी ताकदीचं' म्हणून बाद केलं. समितीतल्या एका साहेबांनी मला ऐकवलं, "पैसे तेवढेच आणि करंट निम्मा?" ते साहेब सन्मानानं निवृत्त झाले. झटक्यातला जेमतेम चार-पाच टक्के प्रवाह हृदयातून जातो, बाकीचा छातीच्या इतर भागांतून निघून जातो, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

बंगळुरू-चेन्नईकडे मात्र माणसं याच प्रश्नाला भिडली होती. सीताभ्र सिन्हा, अश्विन पांडे आणि राहुल पंडित यांनी २००१ मध्ये संगणकी प्रारूपावर दाखवलं की जाळीच्या आकारात दिलेले हलके झटके भोवरे विझवू शकतात. पुढे २००७ मध्ये शाजहान, सिन्हा आणि पंडित यांनी मांडलं की ऊतीतला वीज न वाहणारा तुकडा किंचित सरकला तरी भोवऱ्याचं वागणं पार बदलतं. जुन्या हार्ट अटॅकचा वण म्हणजे असाच तुकडा. २०११ मध्ये ग्यॉटिंगेन आणि कॉर्नेलच्या गटानं तर हृदयातल्या रक्तवाहिन्यांनाच आभासी इलेक्ट्रोड म्हणून वापरलं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ओळीनं पाच हलके झटके देऊन सरासरी ८४ टक्के ऊर्जा वाचली.

आता दिवस बरे आले म्हणायचे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ रुग्णवाहिका आहे, कारखान्यांत एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येणारी डिफिब्रिलेटर यंत्रं, आहेत. पण आमच्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टला कामगार कोसळला तेव्हा एईडीची पेटी कुलपात होती आणि चावी जनरल शिफ्टच्या साहेबांच्या खिशात, घरी. मार्चमध्ये सेफ्टी वीकला त्याच पेटीशेजारी फोटो निघाले. रक्त थांबलं की पेशींचं इंधन आटत जातं, त्यांना जोडणारे मार्ग मिटू लागतात; छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते. मग यंत्र बायफेजिक असो की आणखी कसलं, त्या स्नायूला झटका देऊन फारसं काही हाती लागत नाही.

तेव्हा सेफ्टी ऑफिसर मंडळींनो, पेटीचं कुलूप आजच काढा, आणि प्रत्येक शिफ्टच्या निदान चार जणांना छाती दाबायला, घाम पुसून पॅड चिकटवायला शिकवा.