दोन टोकांची माणसं कशाने जोडली जातात?

आज दिग्रसमध्ये बोलताना सुरुवात कापसापासूनच करू. हंगामात जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत शेतकरी असतो, हमाल असतो, अडत्या असतो, व्यापारी असतो. सगळे एकमेकांना ओळखतात, चहाही घेतात. पण कापूस विकला, पैसे हातात पडले, की ज्याची त्याची वाट वेगळी. याला संबंध म्हणायचं का?

अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. रांगेतली मैत्री पहिल्या प्रकारची. उपयोग संपला की तीही संपते. पुढे तो असंही म्हणतो, की दोघांमधलं अंतर फारच मोठं झालं तर मैत्री टिकत नाही. इथे मात्र आम्हाला आपल्या वऱ्हाडातला एक माणूस आडवा येतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट घरात जन्मले. शाळा नाही, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दुसरीकडे त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, पुढे देशाचे कायदामंत्री. एकाचा दिवस गावचे रस्ते झाडण्यात जायचा, दुसऱ्याचा ग्रंथ आणि कायद्याच्या मसुद्यांत. तरी दोघांचं जुळलं.

बरं, विचार तरी एक होते का? तेही पूर्ण नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. गाडगेबाबा शेवटपर्यंत कीर्तनकारच राहिले. पण त्यांचं कीर्तन कसं होतं, हे आठवा. ते लोकांना प्रश्न विचारत. नवसाला बकरं का कापता, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही, असे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू द्यायचं. आम्ही वर्गात सॉक्रेटिस शिकवायचो, तेव्हा हीच रीत समजावून सांगायला आमचा अर्धा तास जायचा!

आता मुद्द्याची गोष्ट. पंढरपूरला गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्यांना इतर ठिकाणी उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या यात्रेकरूंसाठी. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नीट बघा हं. कीर्तनकार आपली वास्तू देतोय, आणि कोणाला? धर्म सोडायचं जाहीर केलेल्या माणसाला! मत जुळल्यावर देणं सोपं असतं. इथे मत बाजूला ठेवून भरवसा टाकला आहे. कारण दोघांची नजर एकाच गोष्टीवर होती: गरिबाचं पोर शिकलं पाहिजे.

आमचं म्हणणं एवढंच. दूरची माणसं एकमेकांकडे पाहून जोडली जात नाहीत; दोघंही तिसऱ्या एका गोष्टीकडे पाहतात, म्हणून जोडली जातात. ती तिसरी गोष्ट मोठी असेल, तर मधलं अंतर आड येत नाही. अॅरिस्टॉटल चुकला असं नव्हे. त्याने दोघांमधलं अंतर मोजलं, दोघांसमोरचं काम हिशेबात धरलं नाही.

हे आम्ही सांगतोय खरं, पण आमची कबुलीही ऐका. निवृत्तीनंतर एकदा मोबाईलमधली नावं चाळली. नातेवाईक आणि प्राध्यापक, बस्स. ज्या शिपायाने वर्षानुवर्षं आमच्यासाठी वर्ग उघडला, त्याचा नंबर नव्हता. त्याची मुलगी शिकत होती, एवढं कानावर आलं होतं. कुठे, काय, हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती तिसरी गोष्ट तिथेच सापडली असती.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला गाडगेबाबा. मध्ये चौदा दिवस. योगायोगावर आम्ही तत्त्वज्ञान रचत नाही. पण धर्मशाळेचा तो व्यवहार योगायोगाने झाला नव्हता. कोणीतरी आधी विचारलं होतं, कोणीतरी विश्वास ठेवला होता. उद्या बाजारात, बसस्टँडवर, जिनिंगच्या रांगेत शेजारच्याला भाव विचाराल, तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा: पोरं काय शिकतात?