निद्रानाश आणि निद्रेची शिस्त

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ होत, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. यांपैकीं आहाराविषयीं घरोघर पुष्कळ विचार होतो. निद्रेचा विचार मात्र ती नाहींशी झाल्यावांचून कोणास सुचत नाहीं. आणि मग जे उपाय योजले जातात, त्यांनीं बहुधा गेलेली झोंप अधिकच दूर जाते. असें कां होतें, हें कळण्यासाठीं झोंप येते कशी, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

झोंप दोन गोष्टींच्या मेळानें येते, असें आलेक्झांडर बोर्बेली यांनीं १९८२ सालीं प्रतिपादन केलें. पहिली गोष्ट जागेपणीं सांचत जाणारी झोंपेची गरज. मनुष्य जितका वेळ जागा राहील, तितकें मेंदूंत अ‍ॅडिनोसीन नांवाचें द्रव्य वाढतें व डोळे जड होऊं लागतात. चहाकॉफींतील कॅफीन याच द्रव्याचें कार्य अडवून धरतें. पोटांत गेलेल्या कॅफीनपैकीं निम्में सुमारें पांच तासांनंतरही शरीरांत शिल्लक असतें. म्हणजे सायंकाळीं सहाला घेतलेल्या चहाचा अंमल रात्रीं अकरालाही पुरता उतरलेला नसतो. दुपारची लांबलेली वामकुक्षीही ही सांचलेली गरज खर्च करून टाकते.

दुसरी गोष्ट शरीरांतील घड्याळ. १९३८ सालीं नाथानिएल क्लाइटमन आणि ब्रूस रिचर्डसन हे अमेरिकेंतील केंटकीच्या मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले. जेथें सूर्यकिरण पोंचत नाहीं, तेथें २८ तासांचा दिवस शरीराच्या अंगवळणीं पडतो काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. तरुण रिचर्डसन यांस तें साधलें. क्लाइटमन यांच्या शरीराचें तापमान मात्र चोवीस तासांच्याच फेऱ्यानें खालींवर होत राहिलें. हें घड्याळ रोज बरोबर लावण्याचें काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. म्हणून निजण्याच्या वेळेपेक्षां उठण्याची वेळ ठरलेली असणें अधिक महत्त्वाचें आहे. रविवारही त्यास अपवाद नसावा.

आजार, परीक्षा किंवा शोक यांनीं कोणाचीही झोंप उडते आणि कारण सरलें कीं बहुधा परत येते. परंतु कांहीं माणसें गेलेली झोंप भरून काढण्यासाठीं नऊलाच अंथरूण धरतात, कूस बदलीत घड्याळाकडे पाहतात आणि सकाळीं उशिरांपर्यंत पडून राहतात. हळूहळू अंथरूण आणि तळमळ यांची गांठ पडते. मग दिवाणखान्यांत पेंगणारा मनुष्य उशीवर डोकें टेकतांच टक्क जागा होतो.

ही गांठ सोडविण्याची रीत रिचर्ड बूटझिन यांनीं १९७२ सालीं सांगितली. डोळे मिटूं लागल्याशिवाय अंथरुणावर जाऊं नये. तेथें वाचन, हिशेब वा फोन नसावा. वीसएक मिनिटें झोंप आली नाहीं असें वाटल्यास उठून मंद उजेडांत शांत बसावें आणि पेंग आल्यावरच परतावें. ज्या बिऱ्हाडांत सर्वांना एकच खोली, तेथें अंथरुणाबाहेर एखादी खुर्चीही पुरते. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ चुकवूं नये. पहिले कांहीं दिवस थकवा वाढतो, आणि बहुतेक लोक येथेंच धीर सोडतात. गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात.

अशा संवयी व विचार सुधारणाऱ्या उपचारपद्धतीस अमेरिकेंतील वैद्यांच्या महाविद्यालयानें २०१६ सालीं दीर्घ निद्रानाशावर पहिलें स्थान दिलें. औषधांचा विचार त्यानंतरचा. झोंपेच्या गोळ्यांची संवय जडूं शकते व वृद्धांस पडण्याची भीति वाढते. मात्र चालू असलेली गोळी वैद्याच्या सल्ल्यावांचून एकाएकीं बंद करूं नये. मद्यानें डोळा लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोंप मोडते. मोठ्यानें घोरणें, झोंपेंत श्वास अडकणें व दिवसा अनावर पेंग येणें, हीं लक्षणें असल्यास वैद्याकडेच जावें.

निद्रेवर बळजबरी चालत नाहीं. दिवसाची शिस्त माणसाच्या हातीं आहे. ती नीट पाळली, तर रात्रीची चिंता करण्याचें कारण बहुधा उरत नाहीं.